ब्रेकवर न लिहिलेले टिपण

त्या रविवारी दुपारी बोळात उभ्या असलेल्या सायकलचा पुढचा ब्रेक मी उघडला होता. हे एक वाक्य लिहायला मला सतरा वर्षे लागली. सायकल माझी नव्हती, ती उघडायला मला कुणी सांगितले नव्हते, आणि मी ती उघडली हे कुणी पाहिलेही नव्हते. दुसऱ्या दिवशी तिच्यावरून शेजारची मुलगी पडली, तिचे मनगट मोडले, दहावीची परीक्षा अर्ध्यात सुटली. आणि दोष गेला तो चार दिवसांपूर्वी ती सायकल दुरुस्त करून देणाऱ्या दगडूमामांकडे. मी तो जाऊ दिला. यापुढे मी जे लिहीन त्यात पुष्कळ गोंधळ आहे आणि तो मला आजवर निस्तरता आलेला नाही. एवढे एक वाक्य मात्र त्या गोंधळाच्या बाहेरचे आहे, म्हणून ते आधी लिहून ठेवतो.

मार्च महिन्यात नाशिकची सकाळ स्वेटर मागते आणि दुपार डोक्यावर ओला रुमाल. कडुनिंब फुलतो, त्या फुलांचा वास गोड म्हणावा की कडू, हे मला अजून ठरवता आलेले नाही. द्राक्षांच्या हातगाड्यांवर घडापासून सुटलेल्या मण्यांचा वेगळा ढीग लागतो आणि उगीचच ते अधिक गोड वाटतात. पंचवटीत रंगपंचमीच्या रहाडीवरची माती उकरायला माणसे जमू लागतात; वर्षभर बुजवून ठेवलेला तो रंगाचा हौद एका दिवसापुरता उघडायचा असतो. आणि नेमकी या सगळ्याच्या मधोमध परीक्षा येते. प्रत्येक खिडकीतून कुणीतरी काहीतरी घोकत असते. एकीतून प्रमेय, दुसरीतून तहाची कलमे, तिसरीतून एखादी कविता, आणि गल्लीतून चालणाऱ्याच्या कानात या सर्वांची मिळून एक निराळीच, अर्थ नसलेली विद्या गोळा होते.

नव्वदीच्या आरंभी आमच्या पंचवटीतल्या गल्लीत एक रीत होती. परीक्षेला जाणाऱ्या मुलाची सायकल आधी ओव्हरऑईल करून घ्यायची. मूळ शब्द ‘ओव्हरहॉल’ आहे हे मला ठाऊक होते, पण तो उच्चारला असता तर कुणाला कळला नसता. सायकल पूर्ण उघडायची, भाग रॉकेलमध्ये धुवायचे, छर्रे पुसून नव्या ग्रीसमध्ये बसवायचे, चाकांचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायचा, ब्रेकचे रबर बदलायचे. हे काम दगडूमामांचे. गल्लीच्या वळणावर त्यांचे पत्र्याचे दुकान होते. पुढे काळ्या पाण्याचे घमेले, मागे खिळ्यांना टांगलेली टायरे. ते मूळचे बागलाणातले, नामपूरचे. नाशकात तीस वर्षे काढूनही त्यांच्या बोलण्यात मधूनच ‘आहे’च्या जागी एखादा अहिराणी ‘शे’ डोकावून जाई. आणि त्यांचा एक नेम होता. ओव्हरऑईल केलेली प्रत्येक सायकल गिऱ्हाइकाला देण्याआधी ते स्वतः तिच्यावर बसून मालेगाव स्टँडच्या उतारावरून गंगेपर्यंत, म्हणजे गोदावरीपर्यंत, जात आणि चढ ढकलत परत येत. याला ते ‘उतार दाखवून आणणे’ म्हणत. नव्या सुनेला देव दाखवून आणावा, तसे.

मी तेव्हा नाशिकच्याच अंबड वसाहतीतल्या एका कारखान्यात तपासनीस होतो. दिवसभर हातात व्हर्नियर धरून लोकांच्या कामातली तफावत मोजायची आणि नापास झालेल्या मालावर तांबडी खूण करायची, ही माझी नोकरी. असा माणूस फावल्या वेळात दुसरे काय करणार? मी मामांच्या दुकानाशी जाऊन उभा राहत असे.

“काय व्हर्नियरसाहेब, आज तुम्हाला कंपनीपासून सुट्टी, का कंपनीला तुमच्यापासून?”

“मामा, हे चाक किती मिलिमीटर आऊट आहे?”

“नखाला लागतंय तेवढं.”

“म्हणजे किती?”

“तुमचं नख इकडं आणा, मग सांगतो.”

ते अंगठ्याचे नख रिमजवळ धरून चाक फिरवत. जिथे रिम नखाला चाटून जाई तिथला आरा अर्धा फेरा आवळत, समोरचा सैल करत. दहा मिनिटांत चाक पाण्यासारखे फिरू लागे. मला हे आवडे आणि खुपेही. मोजल्याशिवाय बरोबर येणारी गोष्ट माझ्या शिक्षणात बसत नव्हती.

पण शिकलो ते सारे तिथेच. नट आधी बोटांनी दोन आटे चढवावा, मग पाना लावावा. सुरुवातीलाच पाना लावला तर आटे तिरके चढतात आणि ते कळते तेव्हा उशीर झालेला असतो. पंक्चरचे सोल्यूशन लावल्यावर घाई करू नये, बोटाला चिकटेनासे झाले की मगच ठिगळ बसवावे. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवावा. बोटाला न लागलेला काटा कापसाला लागतो. साखळीला खोबरेल तेल घालू नये, धूळ धरते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. काढलेले भाग कागदावर काढलेल्या क्रमाने मांडावेत आणि त्या कागदाला वारा लागू देऊ नये. हे सगळे मी आजही कुणालाही सांगू शकतो आणि आयुष्यभर सांगत आलो. सांगणे आणि करणे यांच्यामध्ये जी जागा असते, तिच्यातच मी राहिलो असेन, असे आता वाटते.

शेजारच्या मुलीचे नाव वैशाली. तिचे वडील पोपटराव; मखमलाबादकडच्या मळ्यात शेवंती-झेंडू करत आणि मंदिराजवळ फुले विकत. त्यांच्या घरातली दहावीला बसणारी ती पहिली. तिची सायकल मामांकडून ओव्हरऑईल होऊन आली, आणि दोन दिवसांनी माझ्या कानाला खुपू लागली. पुढचा ब्रेक दाबला की चीं असा बारीक आवाज येई.

“मामांना दाखवलीस का?” मी विचारले.

“दाखवली काका. ते म्हणाले, नवं रबर आहे, दोन-चार दिवस किंचाळेल, मग गप्प बसेल. नव्या सुनेसारखं.”

मी हसलो नाही. नव्या कामातून आवाज येता कामा नये, हे माझे ठाम मत होते.

रविवारची दुपार. गल्ली जेवून झोपलेली. बोळात सायकल उभी होती. मी पकड आणि पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन खाली उतरलो. तिला न सांगता आवाज घालवायचा आणि उद्या तिने चकित व्हावे, एवढाच बेत. गुपचूप उपकार करणाऱ्याला स्वतःच्याच डोळ्यांपुढे मोठे होण्याची चटक लागलेली असते. त्या मोठेपणाला साक्षीदार लागत नाही आणि म्हणून तो तपासलाही जात नाही.

सायकल उलटी केली, सीट आणि हँडल जमिनीला टेकवून. त्या सायकलींना दांड्याचा ब्रेक असे. रिमच्या दोन्ही बाजूंना लोखंडाची एकेक लांबट वाटी आणि त्या वाटीत रबर बसवलेले. वाटीचे एक तोंड बंद असते, एक उघडे. उघड्या तोंडातून रबर आत सरकवायचे. बंद तोंड पुढच्या बाजूला हवे, कारण ब्रेक दाबल्यावर फिरते चाक रबराला पुढे ओढते आणि ते बंद तोंड त्याला अडवून धरते. वाटी उलटी बसली तर रबराला अडवणारे कुणी नसते. हे आज मी चार ओळींत लिहिले. त्या दुपारी मला ते माहीत होते का? इथेच पहिला गोंधळ आहे. माहीत असावे, कारण मी मामांना शंभरदा ते करताना पाहिले होते. पण मी त्यांचा हात पाहत होतो. वाटी पाहिली होती की नाही, सांगता येत नाही.

दोन्ही वाट्या काढल्या, रबर घासले, पुन्हा बसवले. वाटी नटावर कशीही बसते, सुलटही आणि उलटही, आणि दोन्हीकडून सारखीच घट्ट होते. सायकल उलटी, तिची उजवी बाजू माझ्या डाव्या हाताला, पुढे कोणते आणि मागे कोणते हे डोळ्यांपुढे फिरलेले. मी हाताने चाक जोरात फिरवले आणि ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबले. आवाज नाही. मी खूश झालो. पण ते चाक मी कोणत्या दिशेने फिरवले होते? सायकल चालते त्या दिशेने, की स्वतःकडे ओढून, उलट्या दिशेने? उलट्या दिशेने फिरवले असेल तर उलटी वाटीसुद्धा रबर धरून ठेवणारच. मी माझ्या नोकरीत रोज वस्तू तपासत होतो आणि त्या दिवशी तपासणीच उलटी केली असण्याचा संभव आहे. संभव, असेच मी स्वतःला म्हणत राहिलो.

सोमवारी बीजगणिताचा पेपर होता. केंद्र गंगेपलीकडे. मालेगाव स्टँडच्या उतारावर वैशालीने ब्रेक दाबला, पुढचे रबर निसटून गेले, मागच्या ब्रेकने वेग थोडा कमी झाला पण पुरेसा नाही, आणि ती द्राक्षांच्या हातगाडीवर आदळली. उजवे मनगट.

माझी दुसरी पाळी होती, म्हणून मी घरी होतो. दुधाची पिशवी घेऊन परत येत असताना वळणावर आरडाओरडा ऐकू आला. पोपटरावांनी सायकल मामांच्या दुकानापुढे आडवी टाकली होती.

“बघा तुमचं काम! डोळं उघडून बघा!”

“काय झालं पोपटराव? पोरगी कुठं हाय?”

“दवाखान्यात हाय. उजवा हात मोडला. आता ती पेपर कशानं लिहिल, पायानं?”

गर्दीतून कुणीतरी म्हणाले, “मामांना आता दिसत नाय नीट. मी म्हणत होतो, दुसरीकडं टाका.”

दुसरा म्हणाला, “म्हातारपणी पंप मारावा माणसानं. पोरांच्या जिवाशी कशाला खेळायचं?”

मामांनी सायकल उचलून सरळ उभी केली, पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि ब्रेककडे पाहत राहिले. त्यांनी अंगठा वाटीवरून फिरवला. मग उठले.

“चूक झाली, पोपटराव,” ते म्हणाले.

मी चार पावलांवर होतो. पुढे होऊन वाकलो असतो तर वाटीचे तोंड कुठे आहे ते मलाही दिसले असते. मी वाकलो नाही. दूध नासेल म्हणून घरी गेलो.

माझ्या अपराधाचे नेमके ठिकाण शोधायला बसलो की मी इथे हरवतो. वाटी उलटी बसली असेल तर ती चूक. चूक कुणाच्याही हातून होते. ती झाली हे मला नक्की ठाऊकच नव्हते. रबर हलके असेल. नट सैल राहिला असेल. आणि मामांनी स्वतःच कबूल केले होते की! तीस-चाळीस वर्षे हेच काम करणारा माणूस ब्रेक डोळ्यांनी पाहून म्हणतो, चूक झाली. मग मी, एक हौशी माणूस, त्यांच्यापेक्षा शहाणा कसा? असे मी स्वतःशी म्हणत असे आणि थोडा वेळ स्वस्थ वाटे. मग आठवे, की मामा प्रत्येक सायकलला उतार दाखवून आणतात. ती सायकल त्याच उतारावरून उतरून आली असणार, त्याच ब्रेकने थांबली असणार. मग बिघडली ती त्यानंतर. त्यानंतर तिला हात कुणी लावला? पुन्हा वाटे, पण मग ते ‘चूक झाली’ का म्हणाले? या दोन टोकांमध्ये मी वर्षानुवर्षे ये-जा केली. आज कळते की तो गोंधळ माझी सोय होती. ज्याला नक्की काही ठाऊक नाही त्याला बोलावे लागत नाही.

लेखनिक घेऊन परीक्षा देता येते, त्यासाठी अर्ज करता येतो, हे गल्लीतल्या शिकल्यासवरल्या माणसांपैकी कुणाला त्या आठवड्यात सुचले नाही. मला सुचायला हवे होते. मला त्या दिवसांत काहीच सुचत नव्हते. रंगपंचमीला रहाडीत उड्या पडल्या, माणसे पिवळी होऊन घरी आली, आणि वैशाली प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून खिडकीत बसून होती.

पुढे जे झाले ते मी मागितले नव्हते. लोक मामांकडे जाईनासे झाले आणि माझ्याकडे येऊ लागले. “काका, जरा बघता का? तुम्ही कंपनीतले.” रविवार सकाळ बोळात सायकली उलट्या करण्यात जाऊ लागली. मी शिकवू लागलो. कारखान्याच्या गृहपत्रिकेत ‘घरच्या घरी’ या मथळ्याखाली माझी टिपणे येऊ लागली: पंक्चर, साखळी, चाकाचा आऊट, गळका नळ, करकरणारे दार. ‘नट आधी बोटांनी, मग पान्याने’ हे वाक्य त्यात मी माझे म्हणून लिहिले. लोकांनी कात्रणे ठेवली. पत्रिकेचे काम पाहणारे सहकारी एकदा म्हणाले, “अहो, सगळं लिहिलंत, ब्रेकवर कधी लिहिलं नाहीत. जिवाशी गाठ ती तिथंच!” मी म्हणालो, ब्रेकचे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. ते म्हणाले, किती जबाबदारीने लिहिता तुम्ही.

मामांचे दुकान होते अजून. एक दिवस पाहिले तर पाटी नवी रंगवलेली. आधी तिच्यावर दुरुस्ती, ओव्हरऑईल, भाड्याची सायकल, सारे काही होते. आता एकच ओळ होती: ‘येथे फक्त पंक्चर काढून मिळेल.’ गिऱ्हाईक तुटले म्हणून पाटी आखडली, असा मी अर्थ लावला आणि त्या वळणावरून जाणे टाळले. पुढे गल्लीत मोटरसायकली आल्या, मग स्कूट्या आल्या. सायकली गच्चीवर गेल्या. मी गंगा ओलांडून नवीन वस्तीत राहायला आलो. मामांचे दुकान कधी गेले, मला कळले नाही. कळू नये अशी व्यवस्था मीच केली होती.

यंदाचा मार्च. आमच्या घरासमोरच्या शाळेत दहावीचे केंद्र आहे. मुले आता पालकांच्या मागे बसून येतात. दप्तर मांडीवर, ओठ हलत. पहिल्या पेपरला एक शिक्षिका फाटकाशी आल्या आणि गाडी आमच्या सावलीत लावू का म्हणून विचारू लागल्या. मी हो म्हटले. दुसऱ्या पेपरला त्या हेल्मेट काढता काढता थांबल्या.

“काका, तुम्ही पंचवटीतले ना? मी वैशाली. पोपटरावांची.”

ती आता गणित शिकवते. मी तिला पाणी दिले. पेला धरलेले तिचे उजवे मनगट किंचित बाहेर वळलेले होते. माझी नजर तिला कळली.

“हे होय? याची आता सवय झाली,” ती म्हणाली. “मार्च आला की दुखतं जरा. ऑक्टोबरची परीक्षा याच हाताने दिली मी. तुम्हाला माहितीये, तेव्हा प्रत्येक पेपरला दगडूमामा यायचे? सकाळी नऊला दारात हजर. मला सायकलवर बसू द्यायचे नाहीत. सायकल स्वतः धरून चालायचे, तिच्यावर माझी पिशवी, आणि मी शेजारून. म्हणायचे, तू नुसतं पाठ म्हण. इतिहासाची सगळी सनं त्यांना पाठ झाली होती. मी चुकले की उतारावर थांबून चूक काढायचे माझी.”

ती हसत होती.

“वैशाली, तो ब्रेक मी उघडला होता,” मी म्हणालो. “आदल्या दुपारी. आवाज यायचा म्हणून.”

तिने पेला कठड्यावर ठेवला. शाळेची पहिली घंटा झाली तरी ती हलली नाही.

“मग मामा का म्हणाले, चूक झाली?”

“ते मला अजून कळलेलं नाही.”

“तुम्ही विचारलं नाहीत?”

“नाही.”

“सतरा वर्षं?”

मी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, ते माझे मलाच समजले नाही.

“काका, माझा हात दीड महिन्यात जुळला,” ती म्हणाली. तिचा आवाज आता वर्गातला झाला होता. “माझं राहू द्या. मामा नामपूरला असतात, मुलीकडे. मी दिवाळीत जाऊन येते. तुम्ही आधी तिकडे जा.”

पुढच्या पेपरला तिची गाडी आमच्या सावलीत आली नाही. रस्त्यापलीकडे, उन्हात लावलेली होती.

मी एस.टी.ने निघालो. सटाण्याच्या पुढे रस्त्यावर उन्हाळ कांद्याचे ट्रॅक्टर लागले. एकामागे एक, बाजाराच्या दिशेने सरकणारे. हवेला कांद्याच्या पातीचा वास. गाडी थांबली की वाटे, इथेच उतरून परत फिरावे. चुकीची खात्री नसताना माफी कशाची मागायची, हा प्रश्न मी अजून बाळगून होतो. तो किती प्रामाणिक होता आणि किती सोयीचा, ते शेवटपर्यंत वेगळे करता आले नाही.

बाजारामागे त्यांच्या मुलीचे घर. अंगणात ती दोन शेजारणींबरोबर कांदे निवडत बसली होती. मी नाव सांगितले. तिने आत हाक दिली, “बाबा, नाशिकथून पाव्हना उनात!” आणि मला म्हणाली, “जरा जोरमा बोला, त्यासले ऐकू येत नही.”

मामा बाजेवर बसले होते. वाळले होते. पहिल्यांदा माझे लक्ष त्यांच्या हातांकडे गेले. नखे स्वच्छ होती. मी त्यांना स्वच्छ नखांनी कधी पाहिले नव्हते.

त्यांनी डोळे बारीक केले. “व्हर्नियरसाहेब? अरे बठा, बठा. कंपनीनं सोडलं का शेवटी?”

“सोडलं मामा. स्वेच्छानिवृत्ती घेतली.”

त्यांना अर्धे ऐकू आले असावे. चहा आला. त्यांनी गल्लीची, गंगेच्या पाण्याची चौकशी केली. मग अचानक म्हणाले, “ती पोपटरावची पोर मास्तरीण झाली. भेटते का?”

“भेटली.”

“हुशार शे.” त्यांनी कप खाली ठेवला. “साहेब, एक सांगू का? कुणाला बोललो नाय आजवर. तुम्ही जाणकार माणूस, तुम्हाला कळंल. त्या आठवड्यात परीक्षेची गर्दी. सगळ्या सायकली उतारावर नेल्या, तिची तेवढी ऱ्हायली. दिवस मावळला, पोरगी दारात उभी. म्हटलं जा बाई, उद्या नेतो. आन् उद्या काय मी नेली नाय. मग ती पडली. सायकल उचलली तर वाटीचं उघडं तोंड पुढं.”

त्यांनी उजवा हात वर धरला आणि अंगठा हवेत फिरवला, वाटीवरून फिरवावा तसा.

“चाळीस वर्षं हा हात न बघता वाटी बसवायचा. तोच फिरला, मग त्याचं काय खरं? त्याच्यानंतर ब्रेक घेतला की बोटं थांबायची. बसवायचो, बरोबर दिसायचं. पुन्हा उघडायचो. पुन्हा बसवायचो. गिऱ्हाईक म्हणायचं, मामा किती येळ? शेवटी म्हटलं, पंक्चर बरं. पाणी सांगतं, बुडबुडा हाय का नाय. हाताला काय इचारायला नको.”

तर उघडे तोंड पुढे होते. आणि मी हात लावेपर्यंत तोच ब्रेक दोन-तीन दिवस चीं करत का होईना चाक थांबवत होता; वाटी आधीच उलटी असती तर रबर तेव्हाच निसटले असते. सतरा वर्षे मी ज्या दोन टोकांमध्ये फिरलो त्यांतले एक टोक नाहीसे झाले. मी समजत होतो, मी या माणसाचे गिऱ्हाईक नेले. गिऱ्हाईक ही फारच लहान गोष्ट होती. नखाने चाक सरळ करणाऱ्या माणसाचा स्वतःच्या हातावरचा विश्वास मी नेला होता, आणि त्याच्या जागी एक संशय ठेवून आलो होतो, जो माझा होता.

“मामा, ती वाटी तुम्ही उलटी बसवली नव्हती,” मी म्हणालो.

त्यांनी कानामागे हात धरला. “काय? जोरात बोला.”

मी हळू बोलणारा माणूस आहे. कारखान्यातही मी खूण करीत असे, ओरडत नसे. दाराबाहेर कांदे निवडणाऱ्या बायकांचे हात चालू होते. त्यांना सारे ऐकू जाणार होते. मी उठून उभा राहिलो, त्यांच्या कानापाशी वाकलो, आणि घर, अंगण, शेजार, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोललो:

“मामा, ती वाटी मी फिरवली! रविवारी दुपारी, कुणाला न विचारता, मी तो ब्रेक उघडला होता! तुमचा हात चुकला नव्हता, मामा, तुमचा हात बरोबर होता! तुम्ही चूक झाली म्हणालात तेव्हा मी तिथंच चार पावलांवर उभा होतो, आणि मी बोललो नाही! मला माफ करा!”